तपासणाऱ्याची सही

३ फेब्रुवारी

प्रिय मामा,

फोनवर ओरडून माझा घसा बसला आणि तुला ऐकू आलं ते फक्त "हॅलो", म्हणून शेवटी कागद घेतला. तीस वर्षं त्या मशीनशेजारी उभा राहून कान घालवलेस, आता निदान डोळे तरी वापर.

तुझ्या जागेवर मी लागले याचा आईला कोण आनंद झालाय. मला मात्र घाम फुटलाय. पहिले दोन महिने हाताखाली काढले, गेला महिनाभर हाय-शिअर मिक्सरवर एकटी आहे, आणि तेवढ्यात तीन बॅच फाटल्या. टाकीतून काढताना क्रीम इतकी पांढरीशुभ्र आणि घट्ट असते की वाटतं आता जमलं. बरणीत भरून टिकते का बघायला गरम कपाटात ठेवली की आठव्या-नवव्या दिवशी वर पिवळं तेल, खाली गढूळ पाणी. नवरा-बायको भांडून दोन खोल्यांत जाऊन बसावेत तसं.

साहेबांनी बोलावून सांगितलं की माझी सहा महिन्यांची मुदत एप्रिलअखेर संपते, आणखी दोन फाटल्या तर ते दुसरं माणूस बघतील. नोकरी गेली की कंपनीच्या या दोन खोल्याही गेल्या. मग आईला घेऊन जाऊ कुठे? तू म्हणशील इकडे या, पण तुझ्या सूनबाईचं आणि आईचं किती पटतं ते तू पाहिलंयस. तेव्हा मला काहीच येत नाही असं समजून सगळं पहिल्यापासून लिही. समजायला फार कष्ट पडणार नाहीत, खरंच काही येत नाही.

तुझी,
भिंगरी

११ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

पत्र दोनदा वाचलं. सूनबाईंनी विचारलं कुणाचं, मी म्हटलं ऑफिसचं. उगाच घरात वादळ नको.

तेल आणि पाणी एकत्र नांदत नाहीत. आपण त्यांना राजी करत नाही, जबरदस्ती करतो. टाकीच्या तळाशी जे डोकं आहे ते मशीन बंद असताना नीट बघ. आत दातेरी चक्र, ते मिनिटाला तीन हजार फेरे घेतं. त्याच्याभोवती खाचा पाडलेलं कडं, ते जागचं हलत नाही. दोघांच्या मध्ये नखाच्या जाडीएवढी फट. चक्र माल ओढून घेतं आणि त्या फटीतून, खाचांतून बाहेर फेकतं. तिथे तेलाच्या थेंबाच्या चिंधड्या होतात. तो फिरून परत येतो, परत चिंधड्या. पंधरा मिनिटांत केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्श्याएवढा थेंब उरतो. मग आपलं मेण त्याच्याभोवती साय धरतं आणि शेजारच्या थेंबात मिसळू देत नाही. मेण कमी पडलं तर कितीही फिरव, थांबलीस की तेल तेलापाशी जातं.

आता तुझ्या चुका. न बघताही सांगतो. तेलाचं आणि पाण्याचं तापमान सारखं ठेव, दोन्ही पंचाहत्तर अंश. तेल बारीक धारेनं सोड. झाकण लावून आतली हवा ओढून घे, नाहीतर क्रीम न होता फेस होतो. आणि थंड करताना पंचेचाळीस अंशाला दातेरी चक्र बंद कर, फक्त टाकीची कड खरवडणारा पंखा सावकाश चालू दे. जास्त फिरवलं म्हणजे जास्त चांगलं असं नसतं. लहानपणी तू उलटी होईपर्यंत गिरक्या घ्यायचीस, ते इथे चालत नाही. फिटरला फट मोजायला सांग, झिजली असणार.

एवढं करूनही लक्षात ठेव, थेंब कधी सगळे सारखे होत नाहीत, लहान-मोठे राहणारच. आणि कुठलीही क्रीम कायमची टिकत नाही. आपण तिचं फाटणं फक्त लांबवतो.

एक विचारायचं राहिलं. बॅचच्या कागदावर दोन सह्या लागतात, करणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची. दुसरी सही हल्ली कोण करतं?

तुझा,
मामा

२४ फेब्रुवारी

प्रिय मामा,

तू तिकडे बसून माझ्या मागे उभा असल्यासारखा लिहितोस. दातेरी चक्र मी तीस अंशापर्यंत चालू ठेवत होते. फिटरने फट मोजली, दुप्पट झाली होती. नवं कडं बसवलं. आता चक्र सुरू झालं की आवाज पहिल्यांदा बारीक आणि चिडका येतो, मग क्रीम धरायला लागली की हळूहळू खाली उतरतो. तुझे कान कुठे गेले ते कळलं.

सगळं तुझ्या सांगण्याप्रमाणे केलं, तरी ती बॅच परवा, नवव्या दिवशी फाटली. आता फक्त एक उरली.

दुसरी सही पॅकिंगच्या बाई करतात. खालीच बसून करतात, क्रीम बघतसुद्धा नाहीत. तपासनिसाची जागा कितीतरी वर्षं रिकामी आहे आणि साहेब सह्या मोजतात, वाचत नाहीत.

तू विचारलंस म्हणून मी तुझ्या वेळचे कागद काढले. मामा, तुझ्या प्रत्येक बॅचखाली मामीची सही आहे. तू निवृत्त झालास त्या दिवसाच्या कागदावरसुद्धा. मामीला जाऊन अकरा वर्षं झाली. तू करायचास का तिची सही? मी कुणाला सांगणार नाही. फक्त मला सांग.

तुझी,
भिंगरी

५ मार्च

प्रिय भिंगरी,

नाही, मी करत नव्हतो.

तुला आठवत असेल, तुझी मामी प्रयोगशाळेत होती. जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेले की ती वर यायची. काचेच्या पट्टीवर क्रीमचा ठिपका घेऊन सूक्ष्मदर्शकातून बघायची, सही करायची, मग आम्ही दोघं उशिरा डबा खायचो. ती गेल्यावर तिच्या जागी कुणी आलं नाही. मी कामावर परत गेलो, रकाना मोकळा सोडून खाली जेवायला गेलो. वर आलो तर सही होती.

तू हसशील. मला हसू आलं नाही. त्यानंतर रोज असंच. खोलीला कुलूप, किल्ली माझ्या खिशात. मी कागद खिळ्याला अडकवायचो आणि जाण्याआधी पाच मिनिटं तिला घरचं सांगायचो. पोराचं लग्न, नवा पंखा, सगळं. ऐकू तर मला यायचंच नाही, त्यामुळे ती काय म्हणाली हा प्रश्न नव्हता. अकरा वर्षांत एक बॅच फाटली नाही.

इकडे येताना मी तिला सांगून निघालो नाही. पाय निघाला नसता. आता ती रोज दुपारी येऊन रिकाम्या हाताने जात असेल, या विचाराने मला इथे घास गिळवत नाही. पॅकिंगच्या बाईंना सही देऊ नकोस. रकाना मोकळा सोड, कुलूप लाव, जेवायला जा. आणि सही आली का एवढं मला कळव. म्हाताऱ्याचं वेड समज, पण कर.

तुझा,
मामा

२० मार्च

प्रिय मामा,

सही आली. जेवून वर आले तर कागदावर होती, अगदी तुझ्या कागदांवर असते तशीच. दाराला कुलूप होतं.

बॅच दहा दिवस गरम कपाटात आहे, सुईच्या टोकाएवढंसुद्धा तेल वर आलेलं नाही. साहेबांनी मान हलवली. तू आता पोटभर जेव.

तुझी,
भिंगरी

२८ मार्च

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र खिशात घेऊन फिरतो आहे. काल इतक्या दिवसांनी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या, सूनबाई बघतच राहिल्या.

तिला सांग, मी बरा आहे. गुडघा दुखतो, पण तो तेव्हाही दुखायचा. नातू मांडीवर बसतो आणि माझ्या कानात ओरडतो, त्याला वाटतं हा खेळ आहे. तिला सांग की तिचा चष्मा मी आणलाय, फेकलेला नाही. आणि न सांगता निघालो त्याबद्दल रागावू नको म्हणावं.

तुझा,
मामा

१४ एप्रिल

प्रिय मामा,

हे पत्र मी चार वेळा फाडलं. आता पाचव्यांदा लिहिते आहे आणि तू मला माफ कर.

२० मार्चचं माझं पत्र खोटं होतं. ती सही मी केली. रकाना मोकळा सोडून जेवायला गेले, परत आले तेव्हा तो मोकळाच होता. तू लिहिलंस की तुला घास गिळवत नाही, आणि माझीही ती शेवटचीच बॅच होती. मी तुझा जुना कागद समोर ठेवून मामीची सही उतरवली. माझ्या सवयीप्रमाणे शेवटी एक टिंब पडलं. खोडता येईना, तसंच ठेवलं.

बॅच टिकली. पुढच्या बॅचला मी ठरवलं की संध्याकाळी पुन्हा उतरवू. जेवून आले तर सही आधीच झालेली होती. शेवटी टिंब. माझं टिंब, मामा. मामीनं ते कधी दिलं नाही.

त्यानंतर चार बॅच झाल्या. चारही वेळा सही, चारही वेळा टिंब. मी ठिपका घेऊन सूक्ष्मदर्शकात बघितलं. थेंब सगळे एकाएवढे एक आहेत. पट्टी सरकवत गेले, एकही लहान नाही, एकही मोठा नाही. तूच लिहिलं होतंस की असं होत नाही.

मग मी नमुन्यांच्या खोलीत गेले. तिथे प्रत्येक बॅचची एक बाटली असते, आणि जुन्या कुणी कधी काढलेल्याच नाहीत. मामी असतानाच्या सगळ्या बाटल्या फाटल्या आहेत. तेल वर, पाणी खाली, एवढ्या वर्षांनी व्हायला हवं तसं. मामी गेल्यानंतरच्या सगळ्या ताज्या आहेत. अकरा वर्षांची क्रीम, आणि झाकण उघडलं तर आज सकाळची वाटते.

मी दोन्हीकडच्या सह्या शेजारी ठेवल्या. मामीच्या खऱ्या सहीखाली रेघ नाही. नंतरच्या प्रत्येक सहीखाली रेघ आहे. ती रेघ मी ओळखते, तुझ्या प्रत्येक पत्राखाली असते. मामा, तू मला सगळं सांगितलं नाहीस.

आणि काल जेवून आले तेव्हा दोन्ही रकाने भरलेले होते. करणाऱ्याच्या रकान्यात माझी सही होती. मी अजून केली नव्हती. ती इतकी माझी होती की मी क्षणभर आठवत बसले, केली होती की काय. फक्त खाली रेघ होती.

मला भीती वाटते. लवकर लिही.

तुझी,
भिंगरी

२२ एप्रिल

भिंगरी,

पहिली सही मी केली होती.

ती जाऊन तिसरा दिवस होता. घरी बसवेना म्हणून कामावर गेलो. रकाना मोकळा बघवला नाही. तिची सही माझ्या हाताला पाठ होती, फक्त सवयीने खाली रेघ ओढली गेली. तिला माझी ती रेघ आवडायची नाही. म्हणायची, नाव लिहून झालं ना, मग खाली खणत काय बसता? दुसऱ्या दिवशी सही आपोआप आली, रेघेसकट.

मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंही होतं, खोटं कशाला बोलू. मी मनाची समजूत घातली की वीस वर्षांच्या संसारात बायकोला नवऱ्याची सवय लागायचीच. सुंदर समजूत होती, अकरा वर्षं पुरली. आपण खोटी सही करून दार उघडलं, आणि आत जे आलं ते ती नव्हे, हे मी एकदाही पूर्ण वाक्यात मनात येऊ दिलं नाही.

अकरा वर्षं मी कुणाला घरचं सांगत होतो, भिंगरी? पोराचं सांगितलं, तुझ्या आईच्या दुखण्याचं सांगितलं. तुझं तर फार सांगितलं. तू कशी बोलतेस, कशी हसतेस, कशाला घाबरतेस. तुझं कौतुक होतं ना मला.

नोकरी सोड. पत्र मिळेल त्या दिवशी सोड, साहेबांना काय वाटेल ते वाटू दे. आईला घेऊन इकडे ये. सूनबाईंशी बोललो आहे, त्यांनी एका शब्दानं नाही म्हटलं नाही, मागची खोली झाडून ठेवली आहे. निघेपर्यंत कुठलाही रकाना मोकळा सोडू नकोस, आडवी काट मार. आणि जेवणाच्या सुट्टीत त्या खोलीत थांबू नकोस.

तुला मी त्या खोलीत पाठवलं. माझ्या तोंडाला चव लागावी म्हणून पाठवलं. हे मला या जन्मात विसरता यायचं नाही.

मामा

३० एप्रिल

प्रिय मामा,

तुमचं पत्र वेळेवर मिळालं. वाचून मला बरं वाटलं. इथे सगळं ठीक आहे. आईची तब्येत चांगली आहे. मशीन नीट चाललं आहे. बॅच आता फाटत नाहीत. साहेब माझ्यावर खूश आहेत. नोकरी आज कायम झाली. मी कागदावर सही केली.

मागचं पत्र घाबरून लिहिलं. तुम्ही ते मनावर घेऊ नका. तुम्ही इकडे येऊ नका. आम्ही तिकडे येत नाही. गुडघ्याची काळजी घ्या. नातवाला माझा आशीर्वाद सांगा. घरचं सगळं कळवत राहा.

तुमची,
भिंगरी

७ मे

हे पत्र कारखान्याच्या पत्त्यावर, मिक्सरच्या खोलीसाठी लिहितो आहे. हे माझ्या भाचीला नाही. तू जी कोण तिथे दुपारी तपासायला येतेस, तुला आहे.

३० तारखेचं पत्र वाचलं. अक्षर तिचं आहे, शेवटचं टिंबसुद्धा तिचं. नावाखालची रेघ माझी आहे. तिने जन्मात मला तुम्ही म्हटलेलं नाही, चार ओळी लिहिल्या तर त्यातली एक माझी टिंगल असते. आणि वाक्यं सगळी एका मापाची. मी तीस वर्षं या धंद्यात काढली, एका मापाचं काही दिसलं की मला कळतं की ते माणसानं केलेलं नाही.

मुलाला तिच्या घरी फोन करायला लावला. तो ऐकत होता आणि मला कागदावर लिहून देत होता. माझी बहीण म्हणाली की पोरगी किती शहाणी झालीय, आता उलटून बोलत नाही, आदळआपट नाही, हाक मारली की लगेच येते. दुपारचा डबा मात्र तसाच परत आणते. हे सांगताना बहीण रडत होती. का रडते ते तिलाच सांगता येईना.

तुझ्यावर राग काढायचा मला हक्क नाही. मी खोटं नाव लिहून तुला बोलावलं, तू त्या नावाने आलीस. अकरा वर्षं मी बोललो आणि तू ऐकलंस. त्या दिवसांत दुसरं कुणी ऐकत नव्हतं, हे मी विसरलेलो नाही. पण ते माझं दुखणं होतं, त्यात या पोरीचं काही नव्हतं.

तिला सोड. तिला भांडू दे, चुकू दे, तिच्या हातच्या बॅच नवव्या दिवशी फाटू दे. नोकरी जाऊ दे. तिला म्हातारी होऊ दे. तुझ्याकडे काही फाटत नाही ते मी पाहिलं आहे, माझ्या बायकोचं मात्र सगळं वेळेवर फाटलं, आणि मला आता तेच बरं वाटतं.

मी रविवारी निघतो. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत वर येईन. फिटरला कळवलं आहे, तो मला आत घेईल, माझ्या बहिणीला निरोप दिला आहे, ती लेकीला फाटकाशी घ्यायला येईल. तिची सही तिला देऊन टाक. तुला कुणाचं तरी नाव लागतंच, तर माझं घे. माझी रेघ तू इतकी वर्षं मारतेच आहेस, बाकीचं जड जायचं नाही.

मुलाला, सूनबाईंना आणि नातवाला वेगळी पत्रं लिहून ठेवली आहेत. त्यांवर सह्या केल्या आहेत, रेघ न ओढता. या पत्राखाली सही केलेली नाही. जागा मोकळी सोडली आहे.